हाताखाली

शुक्रवारी साडेचारला रिपेका वही पुढे सरकवते.
व्हॅनच्या बॉनेटवर. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून
वर माझीच पक्कड.
आठवड्याचे एकेचाळीस तास,
प्रत्येक ओळीच्या टोकाला एक चौकट:
'प्रत्यक्ष देखरेखीखाली.'
मी सह्या करत जातो.
तीन वर्षं करतोय. सही आता हातालाच पाठ आहे,
डोळ्यांचं काम पडत नाही.

मी शिकलो आल्बी ड्रायडनच्या हाताखाली.
तो मानेवर श्वास सोडत उभा असायचा,
स्क्रू अर्धा आटा जास्त फिरला तरी खाकरायचा.
चार वर्षांत मला एकट्याला
साधा दिवासुद्धा जोडू दिला नाही.
परवाना मिळाला त्या सोमवारी
गोअरमधल्या एका बाईच्या स्वयंपाकघरात
स्विच उघडून मी वीस मिनिटं नुसता उभा होतो.
मागे कुणी खाकरत नव्हतं.
तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखाली जो येईल
त्याच्या मानेवर श्वास सोडायचा नाही.

हे मी सगळ्यांना सांगतो. ऐकायला बरं वाटतं.
हे सांगत नाही, की
एका दिवसात दोन ठिकाणची कामं बसवायची असली
की विश्वास फार सोयीचा पडतो.

मंगळवारी विंटनच्या पलीकडे, मकचनच्या गोठ्यात
(गाई गोल पाटावर उभ्या राहून फिरत फिरत दूध देतात, तो गोठा)
पंपाचा जुना बोर्ड बदलायचा होता.
मेन मी पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.
"हे सोड, ते जोड, तासाभरात येतो."
आणि इन्व्हरकारगिलला गेलो, ब्रेकर आणायला.
आणला. बेकरीपाशी थांबलो.
तासाभराचे दोन तास दहा मिनिटं झाले.

परतलो तर रिपेका पालथ्या बादलीवर बसलेली.
बोर्ड जसाच्या तसा. एक स्क्रू निघालेला नाही.
धारांची वेळ तोंडावर आलेली,
मकचन दारात तणतणत होता,
दक्षिणेकडचा तो र घोळवत घोळवत.
माझ्या जिभेवर आलंच होतं, एवढा वेळ काय करत होतीस?

तिनं टेस्टर पुढे केला.
"तीनदा पाहिलं. आधी घरातल्या चालू सॉकेटवर टेस्टर पारखला,
मग इथे, मग पुन्हा तिथे जाऊन.
तुझी किल्ली म्हणते मेलंय.
तिसरी वायर म्हणते नाही."

जुन्या लोकरीच्या शेडमधून, शेणामातीखालून,
कुणाच्या तरी आजोबांनी ओढलेली एक वायर
अजून जिवंत होती.
मी मेन पाडला होता. तपासलं नव्हतं.
तिच्या वयाचा मी तिथे असतो,
मालक दारात, गाई फाटकाशी फुगल्या आचळांनी,
मागे खाकरायला कुणी नाही,
तर मी हात घातला असता.

"फोन का नाही केलास?"
"दोनदा केला."
फोन व्हॅनमध्ये होता. मीही व्हॅनमध्येच होतो.
रेडिओ मोठा लावला होता.

तर आज शुक्रवार. मंगळवारची ओळ.
हात सवयीनं चौकटीकडे जातो.
रिपेका तिथे बोट ठेवते,
वायरी सोलून सोलून काळं पडलेलं नख.
"इथे तू कुठे होतास ते लिही."
आवाज चढलेला नाही.
नळ गळतोय, असं सांगावं तसा.

मी तिला आल्बीबद्दल सांगू लागतो,
ते वीस मिनिटांचं स्वयंपाकघर,
आणि एकटीनं बसून त्या बादलीवर तू जे शिकलीस
ते मी शेजारी उभा राहून कसं शिकवलं असतं?

"खरं असेल," ती म्हणते. "तेही लिही.
पण खालच्या ओळीत."

वारा पान उचलतो. पक्कड थोडी सरकते.
मी लिहितो: बेकरीत.